बालगृहातील पाहुणे आणि कावेरीकाठची मुले

परदेशातून यायचे, एखाद्या बालगृहात दोन-चार आठवडे सेवा करायची आणि सुटीच्या दिवशी आसपासचा प्रदेश पाहायचा, ही प्रवासाची रीत गेल्या दोन-तीन दशकांत जगभर रुळली आहे. महाविद्यालयात जाण्यापूर्वी वर्षभराची सुटी घेणारे युरोप आणि ऑस्ट्रेलियातील तरुण, निवृत्त शिक्षक, परिचारिका, चर्चच्या मंडळींचे गट आणि अलीकडे परदेशस्थ भारतीयांची मुलेही या प्रवासाला निघतात. तामिळनाडूतील तंजावर हे अशा प्रवाशांना साहजिकच आकर्षक वाटणारे ठिकाण आहे. एका बाजूला राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले बृहदीश्वर मंदिर, दुसऱ्या बाजूला कावेरीच्या फाट्यांनी भिजलेली हिरवीगार भातशेती आणि या दोहोंच्या मध्ये मुलांच्या सहवासात घालवलेले काही दिवस, अशी या प्रवासाची आखणी असते.

या आखणीत वाईट हेतू शोधण्याचे कारण नाही. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मनापासून काही चांगले करायचे असते. तरीही गेल्या काही वर्षांत संयुक्त राष्ट्रसंघापासून भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत अनेक ठिकाणी बालगृहांच्या कारभाराविषयी जे प्रश्न उपस्थित झाले, त्यांमुळे या सेवेचा नव्याने विचार करणे भाग पडले आहे. प्रश्न पाहुण्याला काय मिळते हा नाही. पाहुणा निघून गेल्यावर मुलाच्या हाती काय उरते, हा आहे.

दोन आठवड्यांचा लळा

अशा कार्यक्रमांचे स्वरूप साधारणतः ठरलेले असते. सकाळी किंवा संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवायचे, त्यांच्याबरोबर खेळायचे, भिंती रंगवायच्या, जेवण वाढायचे. शनिवार-रविवारी कुंभकोणम, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम येथील मंदिरे, स्वामिमलई येथील पंचधातूच्या मूर्ती घडविणारे कारागीर, तिरुवैयारू येथील संत त्यागराजांची समाधी, कावेरीवरील कल्लणै हा प्राचीन बंधारा अशी भ्रमंती करायची. आयोजक मंडळी अनेकदा यासाठी शुल्क आकारतात. त्यातील काही वाटा संस्थेला मिळतो, काही वाटा प्रवासाची व्यवस्था करणाऱ्यांकडे राहतो.

लहान मूल अनोळखी माणसाच्या गळ्यात चटकन पडते, हे पाहून पाहुण्याचे मन भरून येते. बालमानसशास्त्राचे अभ्यासक मात्र याकडे सावधपणे पाहतात. आईवडिलांच्या किंवा एखाद्या स्थिर पालकाच्या सहवासात वाढणारे मूल परक्या माणसापासून आधी थोडे दूर राहते, अंदाज घेते. जे मूल कोणाच्याही कडेवर लगेच जाते, त्याला आपले आणि परके यांतील भेद करण्याइतका एकाच माणसाचा सहवास अनेकदा मिळालेला नसतो. दर महिन्याला नवा ताई-दादा येतो, लळा लावतो, निरोपाच्या दिवशी रडतो आणि निघून जातो. पाहुण्यासाठी तो एकच निरोप असतो. मुलासाठी ती अनेक निरोपांची मालिका असते.

संस्थात्मक संगोपनाचे परिणाम तपासणारा एक महत्त्वाचा अभ्यास रुमानियाच्या बुखारेस्ट शहरात २००० साली सुरू झाला. तेथील १३६ लहान मुलांपैकी काहींना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले, इतरांचे संगोपन पूर्वीप्रमाणे चालू राहिले. कुटुंबात गेलेल्या मुलांच्या बुद्धीची आणि भावनिक स्थैर्याची वाढ सरस असल्याचे पुढील काही वर्षांत दिसून आले. मूल जितक्या लहान वयात कुटुंबात गेले, तितका लाभ अधिक होता. भिंतींचा रंग, खेळणी किंवा इंग्रजीचे धडे यांपेक्षा रोज तोच चेहरा उशाशी असणे मुलाला अधिक आवश्यक असते, असा या संशोधनाचा मथितार्थ आहे.

मागणी आणि पुरवठा

प्रश्नाला दुसरीही बाजू आहे आणि ती अधिक कठोर आहे. पाहुणे आणि देणग्या ज्या दिशेने वाहतात, त्या दिशेने संस्था उभ्या राहतात. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात देशातील पर्यटन वाढत होते, अनाथ मुलांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढल्याचे कोणतेही कारण दिसत नव्हते. तेथील बालगृहांतील दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील हयात असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिसेफच्या सहकार्याने केलेल्या अभ्यासात आढळून आले. नेपाळमध्येही असेच चित्र पुढे आले. चांगल्या शिक्षणाचे आश्वासन देऊन डोंगराळ भागातील मुले शहरांत आणली गेली आणि पर्यटकांच्या वाटेवरील संस्थांत ठेवली गेली.

या अनुभवानंतर काही देशांनी धोरण बदलले. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला. त्या निमित्ताने झालेल्या संसदीय चर्चेत नफ्यासाठी मुलांना बालगृहांत भरती करण्याच्या प्रकाराची मानवी व्यापाराचा एक प्रकार म्हणून दखल घेण्यात आली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात बालगृह-पर्यटन आणि तेथील स्वयंसेवा यांतून मुलांच्या होणाऱ्या हानीचा स्पष्ट उल्लेख केला. शाळा-महाविद्यालयांच्या सहली नेणाऱ्या काही परदेशी संस्थांनीही आपल्या कार्यक्रमांतून बालगृहांच्या भेटी वगळल्या.

भारतातील चित्र

भारताची स्थिती कंबोडिया किंवा नेपाळसारखी आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही. येथील बालगृहांचा बहुतांश भार देशी देणगीदार, धर्मादाय संस्था आणि शासन यांच्यावर आहे. तथापि, मुले संस्थेत का येतात, या प्रश्नाचे उत्तर मात्र फारसे वेगळे नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने करविलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१८ मध्ये पुढे आला. त्यात ९,५८९ संस्थांची नोंद झाली आणि त्यांत पावणेचार लाखांच्या आसपास मुले राहत असल्याचे आढळले. यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले आई किंवा वडील यांपैकी एकच पालक असलेली होती. पाहणीच्या वेळी बालन्याय कायद्याखाली नोंदणी झालेल्या संस्थांचे प्रमाणही एक-तृतीयांशाहून कमी होते.

तामिळनाडूचे नाव या संदर्भात न्यायालयीन इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. महाबलिपुरम परिसरातील बालगृहांत मुलांचे लैंगिक शोषण होत असल्याचे वृत्त २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याकडे लक्ष वेधणारे पत्र सर्वोच्च न्यायालयाकडे गेले आणि न्यायालयाने त्यालाच जनहित याचिकेचे स्वरूप दिले. तामिळनाडूतील अनाथालयांतील मुलांच्या शोषणाविषयीचे हे प्रकरण पुढे सर्व राज्यांना लागू झाले. न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या पीठाने ५ मे २०१७ रोजी दिलेल्या निकालात सर्व बालसंगोपन संस्थांची नोंदणी त्या वर्षाच्या अखेरपर्यंत पूर्ण करावी, प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र संगोपन आराखडा असावा आणि मुलांना संस्थांत ठेवण्याला कौटुंबिक संगोपनाचे पर्याय शोधावेत, असे निर्देश दिले.

महाराष्ट्रालाही या विषयाची झळ लागलेली आहे. मुंबईत परदेशी नागरिकांनी चालविलेल्या ‘अँकरेज’ या निवाऱ्यातील मुलांच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण २००१ मध्ये उघडकीस आले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोन ब्रिटिश नागरिकांना दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांची मुक्तता केली आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुक्तता रद्द करून शिक्षा कायम केली. येणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याकडे संशयाने पाहावे, असा याचा अर्थ नाही. मात्र केवळ सद्भावनेच्या भरवशावर मुलांच्या खोलीचे दार उघडता येत नाही, एवढे या दोन्ही प्रकरणांनी शिकविले.

आजचा कायदा या अनुभवांतून घडला आहे. बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ मध्ये संमत झाला आणि जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीविना संस्था चालविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोणते मूल संस्थेत राहील, हे जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरविते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे तत्त्व कायद्यातच नमूद आहे. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई केली असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. भ्रमणध्वनीवर टिपलेली आणि समाजमाध्यमांवर हौसेने टाकलेली छायाचित्रे किती गंभीर ठरू शकतात, याची कल्पना अनेक पाहुण्यांना नसते. बऱ्याचदा संस्थाचालकांनाही ती नसते.

मूल कोठून येते?

तंजावरला आलेला पाहुणा आठवड्याचे पाच दिवस बालगृहात घालवितो आणि दोन दिवस गावे, शेते, मंदिरे पाहतो. त्याच्या दैनंदिनीत हे दोन वेगळे भाग असतात. वस्तुतः ती एकच कथा आहे. बालगृहातील अनेक मुले याच शिवारांतून, याच किनाऱ्यावरून आलेली असतात. ज्या भातखाचरांची छायाचित्रे पाहुणा काढतो, तेथेच एखाद्या मुलाची आई लावणीच्या मजुरीला जात असते.

कावेरीचा त्रिभुज प्रदेश हा तामिळनाडूचे धान्याचे कोठार मानला जातो. कल्लणैपासून कावेरी, वेण्णारू आणि कालव्यांच्या जाळ्याने पाणी फिरते. मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जून रोजी उघडण्याचा प्रघात आहे. पाणी वेळेवर आले तर अल्प मुदतीचे कुरुवै पीक साधते, त्यानंतर सांबा आणि ताळडी ही पिके येतात. पाणी उशिरा आले किंवा कमी आले, तर पहिला फटका भूमिहीन मजुराला बसतो. पेरणीच झाली नाही तर लावणीची मजुरी नाही आणि कापणीचीही नाही. मग घरातला कर्ता पुरुष तिरुप्पूरच्या कापड कारखान्यांकडे किंवा चेन्नईतील बांधकामांकडे वळतो. मुले आजीकडे, नातलगांकडे किंवा जेवणाची आणि शाळेची सोय आहे असे समजलेल्या संस्थेकडे जातात.

निसर्गाचे आघातही या प्रदेशाने मोठे सोसले आहेत. १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्याचाच भाग असलेल्या नागपट्टिणम किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आदळली आणि एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने वेदारण्यमजवळ किनारा ओलांडला आणि तंजावर जिल्ह्यातील पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडू भागांतील नारळाच्या बागा उन्मळून पडल्या. नारळाचे झाड पुन्हा फळायला कित्येक वर्षे लागतात, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यानंतरच्या काळात या भागातील काही मुले थोड्या उसन्या पैशांच्या बदल्यात शेळ्या-मेंढ्या राखण्यासाठी ठेवली गेल्याचे प्रकार प्रशासनाच्या आणि वृत्तपत्रांच्या नजरेस आले. वेठीस ठेवलेले मूल आणि बालगृहात आणून सोडलेले मूल यांच्या वाटा वेगळ्या असल्या, तरी त्या एकाच मोडलेल्या घरापासून निघतात.

त्सुनामीनंतरचा तामिळनाडूचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्या वेळी देशविदेशांतून मदतीचा ओघ सुरू झाला आणि अनाथ मुलांना आपल्या ताब्यात घेण्याची तयारी अनेकांनी दाखविली. शासनाने मुलांना घाईने दत्तक देण्यास आणि परस्पर संस्थांकडे सोपविण्यास प्रतिबंध केला. शक्य तेथे मुले नातलगांकडेच ठेवण्यात आली आणि ज्यांना कोणीच नव्हते त्यांच्यासाठी नागपट्टिणम, कडलूर व कन्याकुमारी येथे शासकीय बालगृहे सुरू करण्यात आली. नागपट्टिणमचे तत्कालीन जिल्हाधिकारी जे. राधाकृष्णन यांची पुढे बदली झाली, तरी तेथील मुलांना भेटण्यासाठी ते अनेक वर्षे जात राहिले. तेथे वाढलेल्या मुलींच्या विवाहालाही ते कुटुंबीयासारखे उपस्थित राहिल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. आपत्तीच्या पहिल्या महिन्यात आलेल्या असंख्य पाहुण्यांपैकी फार थोडे असे परतले असतील.

तंजावरचा जुना धडा

परदेशातून येऊन तंजावरच्या मुलांसाठी काम करण्याची परंपरा तशी नवी नाही. प्रशियात जन्मलेला ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा धर्मोपदेशक १७५० मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगंबाडी बंदरात उतरला आणि पुढे तंजावरला स्थायिक झाला. त्याने तमिळ आत्मसात केली, फारसी आणि मराठीचाही अभ्यास केला, शाळा काढल्या. तंजावरचे राजे तुळजाजी यांनी मृत्यूपूर्वी, १७८७ मध्ये, दत्तक घेतलेल्या बालवयातील सरफोजींना त्याच्या देखरेखीखाली सोपविले. राज्याचा ताबा चुलते अमरसिंह यांच्याकडे गेल्यानंतर या मुलाची आबाळ होऊ लागली, तेव्हा श्वार्ट्झने मध्यस्थी करून त्याच्या शिक्षणाची सोय केली.

श्वार्ट्झच्या कार्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या राजकारणाशीही त्याचा संबंध आला, हे विसरता येत नाही. आजच्या मोजपट्टीने त्याला आदर्श ठरविण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. तो परत गेला नाही. १७९८ मध्ये तंजावरलाच त्याचा अंत झाला, तेव्हा भारतात येऊन त्याला जवळजवळ अर्धशतक लोटले होते. सरफोजींनी त्याच्या स्मरणार्थ लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते आजही तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये पाहता येते. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झचा हात हाती घेतलेले सरफोजी त्यात कोरले आहेत.

बालपणी असा आधार अनुभवलेल्या या मराठी राजाने पुढे मुलांसाठी जी व्यवस्था चालविली, ती मराठी वाचकांना मुद्दाम ठाऊक असावी अशी आहे. तंजावरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर भोसले घराण्याने यात्रेकरूंसाठी छत्रे म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा बांधल्या होत्या. बहुतेक छत्रांना राजस्त्रियांची नावे होती. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र सरफोजींच्या काळातील असून त्याची वास्तू आजही उभी आहे. कंपनी सरकारने कारभार हाती घेतल्यानंतर या छत्रांचे उत्पन्न चालू राहावे, यासाठी सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना सविस्तर पत्र लिहिले.

त्या पत्रात छत्रांच्या कामाचे वर्णन आहे. तेथे जातिधर्म न पाहता वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्यांसाठी वैद्य असे, गरोदर स्त्रियांच्या बाळंतपणाची व्यवस्था होई. वाटेत आईवडील दगावलेली परमुलुखातील मुले छत्रातील पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, ठरावीक दिवसांनी तेलाचे अभ्यंग, कपडे आणि औषध मिळे. ज्या विद्येची आवड असेल ती शिकविली जाई आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांच्या विवाहाचा खर्चही छत्र करी.

राजाने आपल्या संस्थांचे समर्थन करण्यासाठी लिहिलेले हे वर्णन आहे, त्यामुळे प्रत्येक छत्रात सर्व काही असेच घडत होते, असे मानणे धाडसाचे होईल. परंतु त्यामागील कल्पना स्पष्ट आहे. मुलाची जबाबदारी एका ठरावीक माणसावर आहे, त्याचा खर्च एका ठरावीक उत्पन्नातून भागतो आणि ती जबाबदारी मूल आपल्या पायावर उभे राहून संसाराला लागेपर्यंत संपत नाही. आजच्या कायद्याच्या भाषेत यालाच संगोपन आराखडा, निधीची शाश्वती आणि अनुरक्षण म्हणतात. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या युवकाला साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंत साहाय्य देण्याची तरतूद कायद्यात आहे. प्रत्यक्षात देशभर हाच दुवा सर्वांत कच्चा राहिला आहे. पाहुण्यांना लहान मुले हवी असतात. अठरा वर्षांच्या मुलाला खोली, नोकरी आणि कागदपत्रे मिळवून देण्याचे काम कोणाच्या प्रवासाच्या आखणीत बसत नाही.

मदत कोणत्या वाटेने जावी?

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये आठ राज्यांना पत्रे पाठवून बालगृहांतील मुलांना शक्य असल्यास शंभर दिवसांच्या आत कुटुंबात परत पाठविण्याची शिफारस केली. या राज्यांत तामिळनाडू आणि महाराष्ट्र दोन्ही होती. देशातील बालगृहांत त्या वेळी सुमारे २ लाख ५६ हजार मुले होती आणि त्यांतील १ लाख ८४ हजार या आठ राज्यांत होती. करोनाच्या साथीत घरोघरचे उत्पन्न बुडालेले असताना अशी घाई धोक्याची ठरेल, असा आक्षेप अनेक बालहक्क कार्यकर्त्यांनी घेतला. तो रास्त होता. ज्या गरिबीमुळे मूल घरातून बाहेर पडले, ती गरिबी तशीच असताना मुलाला केवळ परत पोहोचविणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

यावरचा उपाय मूल घरीच राहील अशी मदत घरापर्यंत नेण्याचा आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत पात्र कुटुंबातील मुलासाठी दरमहा ४ हजार रुपयांच्या साहाय्याची तरतूद २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार करण्यात आली. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. विधवा, परित्यक्ता किंवा दुर्धर आजाराने ग्रस्त पालक असलेल्या कुटुंबांना यातून आधार मिळू शकतो. मात्र अर्ज, दाखले, बँकखाते आणि समितीचे आदेश या टप्प्यांतून जाताना अनेक आया थकून जातात. त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात चार खेपा घालणारा स्थानिक कार्यकर्ता मुलाला जितका उपयोगी पडतो, तितका बालगृहातील गाण्यांचा कार्यक्रम क्वचितच पडतो.

मग परदेशी किंवा परप्रांतीय स्वयंसेवकाने यावेच की नाही? या प्रश्नाचे उत्तर सरसकट नकारार्थी देण्याची आवश्यकता नाही. भारताच्या प्रवासी परवान्याच्या नियमांत पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना विनामोबदला स्वयंसेवेची मुभा आहे. नोंदणीकृत संस्थेत त्याहून दीर्घकाळ मानद काम करायचे असल्यास रोजगार व्हिसा घ्यावा लागतो. धर्मप्रचारासाठी येणाऱ्यांकरिता व्हिसाचा वेगळा प्रकार आहे. म्हणजे कायद्याने दार बंद केलेले नाही. कोणत्या कामासाठी यायचे, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र येणाऱ्यावर आणि बोलावणाऱ्यावर आहे.

महिनाभरासाठी येणाऱ्याने मुलांच्या निकट सहवासाची कामे टाळणे इष्ट ठरते. बालगृहातील काळजीवाहू स्त्रिया अल्प वेतनावर अनेक मुलांना सांभाळतात. भाषणदोषावर उपचार करणारा, अंगव्यायामाचे उपचार जाणणारा किंवा विशेष मुलांचे शिक्षण ठाऊक असलेला पाहुणा या स्त्रियांना आणि शिक्षकांना शिकवून गेला, तर त्याचे ज्ञान मागे राहते. हिशेब, नोंदी, संगणक, इमारतीची दुरुस्ती, सांडपाण्याची व्यवस्था ही कामेही अशीच आहेत. त्यांत लळा नाही आणि छायाचित्रही फारसे चांगले येत नाही, पण त्यांचा उपयोग दीर्घकाळ होतो.

निघण्यापूर्वी काही साध्या गोष्टी विचारता येतात. संस्थेची बालन्याय कायद्याखाली नोंदणी आहे काय? मुले बालकल्याण समितीच्या आदेशाने आली आहेत काय? गेल्या वर्षी किती मुले आपल्या घरी परतली? येणाऱ्या पाहुण्याची पोलीस पडताळणी होते काय? त्याला मुलांबरोबर एकट्याने राहू दिले जाते काय? नीट चालणाऱ्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. पाहुण्याला कोणतीही चौकशी न करता मुलांच्या खोलीत नेणारी संस्था आतिथ्यशील वाटली, तरी तेथूनच सावध व्हावे.

हे सारे परदेशी प्रवाशांपुरते आहे, असे समजून मराठी वाचकाने निश्चिंत होण्याचेही कारण नाही. पुण्या-मुंबईत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांचे वाढदिवस अनाथाश्रमात साजरे करण्याची, कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी वर्षातून एक दुपार बालगृहात घालविण्याची प्रथा चांगलीच रुजली आहे. केक कापला जातो, खाऊ वाटला जातो, छायाचित्रे काढली जातात. ज्या मुलाला आपली जन्मतारीख निश्चित माहीत नाही, त्याने परक्या मुलाच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायच्या, यात काही खटकते आहे हे क्वचितच कोणाच्या लक्षात येते. अंतर हजारो किलोमीटरचे असो किंवा चार थांब्यांचे, पाहुण्याची नजर तीच असते.

तंजावरचा परिसर पाहण्याजोगा आहे आणि तो अवश्य पाहावा. कल्लणैवर उभे राहून पाण्याची विभागणी पाहावी, तिरुवैयारूला नदीकाठी बसावे, बृहदीश्वराच्या भिंतीवरील भोसल्यांचा मराठी शिलालेख वाचावा. मराठी प्रवाशाला सेवाच करायची असेल तर सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांचा मोठा साठा जाणकारांची वाट पाहत आहे. त्या दप्तरांत भोसले राजवटीच्या कारभाराचे आणि दानधर्माचे तपशील आहेत. मोडी वाचणारे हात तेथे महिनाभर राहिले, तर कोणाही मुलाचे मन न दुखावता काही मोलाचे काम होईल.

बालगृह हे मात्र प्रेक्षणीय स्थळ नाही. ते एखाद्या मुलाचे घर आहे. बहुधा तात्पुरते आणि बहुधा नाइलाजाने स्वीकारलेले. तेथून ओरत्तनाडूच्या किंवा वेदारण्यमच्या एखाद्या गावी जाणारी बस असते आणि त्या गावात अनेकदा कोणीतरी वाट पाहत असते. स्वयंसेवकाच्या वेळेचा, देणगीदाराच्या पैशाचा आणि शासनाच्या योजनेचा कस त्या बसच्या तिकिटावर लागणार आहे. मूल त्या गावी परत गेले, तेथील शाळेत टिकले आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बाहेर पडले नाही, तर मदत पोहोचली असे म्हणता येईल.